विद्यापीठाची खरेदी : फ्रीझर लिफ्टमध्ये जाईल का?

या सदरात खरेदी अधिकाऱ्याची वेतनश्रेणी आणि वयोमर्यादा आज घ्यायची होती, पण ते पुढच्या आठवड्यात. मध्येच जीवशास्त्राच्या एका प्राध्यापक बाईंचं पत्र आलं. त्या विचारतात, मुलाखतीत उमेदवार ‘जीएफआर’चे, म्हणजे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमावलीतले, नियम धडाधड सांगतो, नेमणूक होते, मग आमच्या फायली सहा-सहा महिने का अडतात?

बाई, पाठांतराला नोकरी दिली की असंच होणार. नियम बदलत राहतात. जून २०२५ मध्ये केंद्राने संशोधन संस्थांना दरपत्रकांशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेऊन दिली. पाठ केलेला आकडा त्या दिवशी रद्दीत गेला. राज्य विद्यापीठांना तर राज्याची नियमपुस्तिका निराळीच.

मुलाखतीत उमेदवारापुढे एक मागणीपत्र ठेवावं, अशा मताचा मी आहे. वीस मिनिटं द्यावीत आणि समितीने गप्प बसावं. मागणी : उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर, एक नग. खाली कुठल्याशा माहितीपत्रकातून जसंच्या तसं उतरवलेलं स्पेसिफिकेशन : वजन २८७ किलो, दार पांढरं, चाकं चार. सोबत प्राध्यापकांच्या सहीचं प्रोप्रायटरी प्रमाणपत्र.

पाठांतरवाला जीएफआरच्या नियम १६६ वर बोट ठेवतो : प्रमाणपत्र आहे, एकाच पुरवठादाराकडून घेता येतं, विषय संपला. त्याहून सावध असेल तो ‘स्पेसिफिकेशन व्यापक करावे’ असा शेरा मारून फाइल परत पाठवतो. तुमचे सहा महिने जातात ते या शेऱ्यात. कामाचा माणूस पेन खाली ठेवून विचारू लागतो. नमुने कसले? खोकी किती बसायला हवीत? तापमान किती अंश हललं तर चालेल? वीज गेल्यावर किती तास तग धरायला हवा? मग वजन आणि रंग खोडून तो क्षमता लिहितो, आतल्या तापमानाचा चढउतार लिहितो, वीज गेल्यावर उणे ५० पर्यंत यायला किमान किती वेळ लागावा ते लिहितो. आता तीन-चार कंपन्या निविदेत उतरू शकतात, आणि एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा पुरवठादार, कोणीही आला तरी प्राध्यापकांचं काम अडत नाही.

एखादा बहाद्दर आणखी विचारतो, लिफ्टच्या दाराची रुंदी किती? त्याला तिथेच नेमावं. दोन मीटर उंचीचं हे धूड आडवं करून न्यायची सोय नसते, कॉम्प्रेसरमधलं तेल सरकतं. जिन्याखालीच फ्रीझर चालवणारी एक प्रयोगशाळा मी पाहिली आहे. पुरवठा आदेशात ‘इमारतीच्या दारापर्यंत पोच’ एवढंच लिहिलं होतं. पुरवठादाराने तेवढंच केलं.

अडचण अशी, की हे प्रश्न ऐकून मान डोलावणारं समितीत कोणी हवं. कुलसचिव असतात, वित्त व लेखा अधिकारी असतात. फ्रीझर वापरणारा माणूस क्वचितच असतो. तेव्हा बाई, पुढच्या मुलाखतीला समितीवर तुम्हीच बसायला मागा.