चार तासांचा विसावा

‘शनिवार-रविवार काय प्लॅन?’ असं ऑफिसात विचारलं की दहा जणांकडून दहा उत्तरं येतात. कुणी पन्हाळा म्हणतं, कुणी गोवा, कुणी ‘नुसतं लोळणार’ म्हणतं. पण हल्ली एक उत्तर वरचेवर ऐकू येतंय. ‘नाही जमणार रे, आई घरी एकटी असते.’ हे म्हणणारे पन्नाशीचे नाहीत बरं का, आपल्याच वयाचे आहेत. तिशी-पस्तिशीतले, होम लोनचे हप्ते भरणारे, अप्रेझलचं टेन्शन घेणारे. त्यांच्या घरात आजी, आजोबा किंवा सासूबाई आहेत आणि त्यांना आता पाच मिनिटंही एकटं सोडता येत नाही.

माझ्या ओळखीतली एक टीम लीड. हुशार, कामाला वाघ. तिच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालाय. दुपारचे दोन वाजले की त्या पिशवी भरून दारात उभ्या. ‘मला गारगोटीला सोडा, आईनं वाट बघितली असंल,’ असा घोष सुरू. त्यांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. ही बिचारी ऑफिसातल्या मीटिंगमधून फोनवर त्यांची समजूत घालायची. आधी वर्क फ्रॉम होम, मग हाफ डे, मग बिनपगारी रजा, आणि शेवटी राजीनामा. पैशाचा प्रश्न नव्हता, माणसांचा तर नव्हताच. घर भरलेलं होतं. प्रश्न फक्त दुपारच्या चार तासांचा होता. त्या चार तासांसाठी एक करिअर गेलं!

अशा घरांसाठी जगभर एक साधी सोय असते, दिवसाची देखभाल. सकाळी आजींना आणून सोडायचं, दुपारी घेऊन जायचं. तेवढ्या वेळात त्यांना सोबत, जेवण, करमणूक मिळते आणि सांभाळणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत. इंग्रजीत याला ‘रेस्पाइट’ म्हणतात. आपल्याकडं याला जास्त चांगला शब्द आहे आणि तो वारीतला आहे. विसावा! आषाढीला कोल्हापूरहून नंदवाळला दिंडी निघते, ती वाटेत विसाव्याला थांबते. पालखी टेकते, वारकरी घोटभर पाणी पितात आणि पुन्हा चालू लागतात. विसावा म्हणजे मुक्काम नव्हे. वृद्धाश्रम हा मुक्काम झाला. आपण बोलतोय ते विसाव्याबद्दल.

आकडा मोठा आहे

साठीच्या पुढच्या भारतीयांमध्ये डिमेन्शिया किती, याचा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाण निघालं ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यात पक्षाघात, पार्किन्सन आणि नुसतं म्हातारपण धरलेलंच नाही. यातल्या बहुतेकांना सांभाळणारी माणसं घरचीच असतात. आणि घरची म्हणजे कोण? सून, मुलगी, बायको. पुरुष मंडळी ‘काही लागलं तर सांग’ म्हणून बाहेर पडतात, हे आपल्याला माहीत आहेच!

महाराष्ट्रात ज्येष्ठांसाठी काहीच नाही असं नाही. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा महासंघ ‘फेस्कॉम’ १९८० पासून काम करतोय, अनेक शहरांत विरंगुळा केंद्रं आहेत. पण विरंगुळा केंद्रात तोच जातो जो स्वतःच्या पायानं जाऊ शकतो आणि स्वतःच्या डोक्यानं परत येऊ शकतो. ज्याला हे दोन्ही जमत नाही त्याचं काय? मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या डिग्निटी फाउंडेशननं डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी डे केअर सेंटर्स चालवून दाखवली. ती मुंबईची गोष्ट. कोल्हापूरसारख्या शहरात हे कसं उभं राहील? मला वाटतं, देवळातून उभं राहील. मशिदीतून, बस्तीतून, चर्चमधून, मठातून.

दचकू नका, प्रवचन देत नाहीये. यामागं चक्क प्रॅक्टिकल हिशेब आहे.

‘टाकलं’ आणि ‘गेल्यात’

समजा, तुम्ही सासूबाईंना एखाद्या ‘सेंटर’मध्ये दिवसभर ठेवलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी – ‘म्हातारीला टाकलं बघा सेंटरला!’ आता समजा, त्याच सासूबाई त्याच वेळेत देवळाच्या हॉलमध्ये आहेत. कुणी विचारलं तर उत्तर काय? ‘भजनाला गेल्यात.’ विषय संपला! विचारणारी उलट म्हणेल, ‘बरं झालं बाई, आमच्यांनापण घेऊन जा की.’

हा फरक फक्त शब्दांचा नाही. सांभाळणाऱ्या बाईला सगळ्यांत जास्त खातो तो अपराधीपणा. ‘मी माझी जबाबदारी ढकलतेय का?’ हा प्रश्न कुठलंही माहितीपत्रक पुसू शकत नाही. देऊळ पुसतं. (फक्त एक पथ्य. गल्लीला ‘भजनाला गेल्यात’ सांगा, डॉक्टरांना मात्र खरं काय ते सांगा. आजार झाकून ठेवायचा नसतो.)

दुसरं कारण, गाणं. डिमेन्शियात सकाळचं जेवण आठवत नाही, मुलाचं नाव आठवत नाही, पण लहानपणापासून पाठ झालेल्या चाली बराच काळ टिकतात. बोलणं अडखळतं अशी आजी आरती सुरू झाली की टाळ्या वाजवत शेवटपर्यंत म्हणते. कुणाला अभंग, कुणाला ओव्या, कुणाला नात, कुणाला कन्नड वचनं, कुणाला चर्चमधली उपासनेची गीतं. यासाठी कुठलं महागडं ‘ॲक्टिव्हिटी किट’ आणायला नको. पेठेतलं भजनी मंडळ आहेच की!

तिसरं कारण, जागा. कितीतरी देवस्थानांचे हॉल सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात रिकामे असतात. पंखे आहेत, सतरंज्या आहेत, स्वयंपाकघर आहे, मोठमोठी पातेली आहेत. फक्त लग्नसराईत हॉल बुक होतो, म्हणून आधीच लेखी ठरवून घ्यायचं. वार कुठला धरायचा हाही गमतीदार प्रश्न आहे. सोमवार शंकराचा, मंगळवार-शुक्रवार देवीचा, बुधवार विठोबाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार जोतिबाचा. सातही वार देवांनी वाटून घेतलेत. सांभाळणाऱ्याच्या वाट्याला एकही नाही.

अलाबामात जमलं, इथं का नाही?

अमेरिकेत अलाबामा राज्यात माँटगोमेरी नावाचं शहर आहे. तिथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये २०१२ मध्ये डॅफ्नी जॉन्स्टन यांनी असाच उपक्रम सुरू केला. विसरभोळ्या मंडळींनी चार तास यायचं, गाणी, चित्रं, गप्पा, जेवण आणि घरी. सोबतीला चर्चमधले स्वयंसेवक. पुढं याच धर्तीवर दुसऱ्या गावांतल्या चर्चनीही केंद्रं सुरू केली आणि त्यांना मदत करायला ‘रेस्पाइट फॉर ऑल’ नावाचं फाउंडेशन उभं राहिलं.

पण त्यासाठी अलाबामाला जायची गरज नाही. दसरा चौकात उभं राहून नुसतं आजूबाजूला बघा. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात इथं एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, मग लिंगायत आणि इतर. महाराजांनी पाठबळ दिलं आणि समाजांनी आपापल्या लोकांकडून वर्गणी जमवून ती चालवली. खेड्यातल्या पोराची राहण्या-जेवण्याची सोय झाली म्हणून ते शिकलं. तेव्हाची अडचण पोरांची होती, आताची म्हाताऱ्यांची आहे.

आणि ताजं उदाहरण हवं असेल तर इचलकरंजी. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तिथल्या मुस्लिम समाजानं रमजानमध्ये जमलेल्या दानातून ३६ लाख रुपये दिले. त्यातून तिथल्या सरकारी आयजीएम हॉस्पिटलमध्ये दहा खाटांचा आयसीयू उभा राहिला. दान एका समाजाचं, खाटा सगळ्यांच्या. धर्माचा पैसा देखभालीकडं वळतो याचा याहून चांगला पुरावा कुठला?

आता बोला पैशाचं!

मी कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या भागात थोडे इकडं-तिकडं होतील. पंधरा ज्येष्ठ, आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे महिन्याला आठ दिवस. हॉल फुकट धरलाय.

दोन प्रशिक्षित मदतनीस, रोजचे प्रत्येकी ७०० रुपये : ११,२०० रुपये
अर्धवेळ नर्स-कम-व्यवस्थापक : १२,००० रुपये
ने-आण करायला गाडी, दिवसाला १,५०० रुपये : १२,००० रुपये
पंचवीस जणांचं जेवण-चहा, माणशी ८० रुपये : १६,००० रुपये
डायपर, सॅनिटायझर, औषधपेटी, विमा, फोन : ६,००० रुपये

एकूण ५७,२०० रुपये. म्हणजे एका आजीच्या एका दिवसाला साधारण ४७५ रुपये.

आता मजा बघा. दोनशे जणांनी महिन्याला ३०० रुपये दिले तर ६०,००० होतात. तीनशे रुपये म्हणजे एका मटण थाळीचे पैसे! मग अडतं कुठं?

अडतं पाटीवर. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं, पायरीच्या फरशीवर असतं, घड्याळावर असतं. महाप्रसादाला हजारो रुपये एका दिवसात जमतात. पण आजींचं लुगडं बदलणाऱ्या मदतनीस बाईच्या पगारावर नाव कुठं घालणार? दिसणाऱ्या वस्तूला आपल्याकडं दाता मिळतो, रोजच्या कामाला मिळत नाही. आणि देखभाल म्हणजे तर निव्वळ रोजचं काम! एक लाखाची एकरकमी देणगी इथं दोन महिन्यांत संपते. महिन्याला ३०० देणारा माणूस मात्र हे केंद्र तारून नेतो.

यावर उपायही आपल्या घरातलाच आहे, तिथी. अन्नछत्रात आपण वडिलांच्या पुण्यतिथीला त्या दिवसाचं अन्नदान करतोच. तसाच विसाव्याचा एक दिवस घ्यायचा. वरच्या हिशेबानं तो ७,१५० रुपयांना पडतो. आईच्या पंचाहत्तरीला हॉटेलातल्या पार्टीऐवजी पंधरा आयांचा एक दिवस. फळ्यावर त्या दिवशी तुमच्या आईचं नाव. पाटीची हौसही फिटली! जैन समाजात आहारदान आणि औषधदान आहे, मुस्लिम समाजात जकात आहे, शीख बांधवांकडं दसवंध आहे. शब्द वेगवेगळे, खिसा तोच.

‘सेवा आहे, पगार कशाला?’

अशा कामात हे वाक्य हमखास येतं. ऐकायला छान वाटतं, पण केंद्र बुडवतं तेही हेच. स्वयंसेवक हवेतच, भरपूर हवेत. पण गणपतीत, दिवाळीत, मुलांच्या परीक्षेत त्यांना सुट्टी लागते. आणि नेमकी तेव्हाच घरच्या सुनेची दमछाक जास्त असते. ‘आज केंद्र बंद’ असा मेसेज सकाळी दहाला आला तर तिची ऑफिसची मीटिंग, बँकेचं काम, स्वतःची डॉक्टरची अपॉइंटमेंट, सगळं कोसळतं. कधी उघडं, कधी बंद अशा विसाव्यापेक्षा नसलेला परवडला! म्हणून दोन-तीन माणसं पगारी हवीत आणि त्यांचा पगार एक तारखेला व्हायला हवा. संडासात धरून नेणं, घास अडकला तर काय करायचं, दार उघडून कुणी बाहेर गेलं तर काय, हे शिकलेलं माणूस लागतं. नुसती भक्ती पुरत नाही.

आणि श्रद्धेचं केंद्र म्हणून दार एकाच समाजाला उघडं ठेवायचं नाही. हे नुसतं चांगुलपणाचं नाही, कायद्याचंही आहे. एखाद्याच जाती-धर्माच्या भल्यासाठी असलेल्या संस्थेच्या देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही. शेजारच्या गल्लीतल्या चाचींना आरतीला उभं राहायची सक्ती नको, त्यांची नमाजाची वेळ मोडायला नको. जेवणातही तारतम्य हवं. एकादशी म्हणून सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी वाढली तर मधुमेही आजोबांची साखर कुठं जाईल सांगा बरं?

तुम्ही काय कराल?

ऑफिसात सीएसआरच्या नावाखाली वर्षातून एकदा झाडं लावून फोटो काढण्यापेक्षा हे बघा –

- महिन्यातून एक दिवस रजा टाका आणि चार तास आजोबांसोबत पत्ते खेळा. मात्र ठरलेला वार मोडायचा नाही.
- यूपीआयवर ३०० रुपयांचा ऑटो-पे लावा आणि विसरून जा. इथं विसरणं चालतं!
- अकाउंट्समध्ये असाल तर पावत्या, ऑडिट, ट्रस्टची नोंदणी सांभाळा. गणपतीच्या वर्गणीलाही धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे लक्षात असू द्या. दोन हजारांच्या वर रोख देणगीला करसवलत नाही, हेही देणाऱ्यांना सांगा.
- हॉल बघायला जाल तेव्हा आधी संडास बघा. पायऱ्या किती, कमोड आहे का, धरायला दांडी आहे का. गाभारा नंतर.
- घरात अडचण असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. फोन करा.

आणि एक शेवटचं. तुमच्या शेजारच्या डेस्कवरची जी कुणी रोज दुपारी दोनला फोन घेऊन जिन्यात जाते, तिला ‘किती बोलतेस गं!’ म्हणू नका. पलीकडं कुणीतरी पिशवी भरून दारात उभं असेल. तिला फक्त विचारा, ‘मंगळवारी मी येऊ का बसायला?’ केंद्र उभं राहायला वर्ष लागेल, पण हा एक मंगळवार या आठवड्यातच आहे.