क्लब मोटारशर्यती

क्लब मोटारशर्यती : शर्यतीत मोटारगाडी चालविणे हा ज्यांचा व्यवसाय नाही, अशा हौशी चालकांसाठी मोटार-क्लबांनी भरविलेल्या शर्यती. त्या बहुधा शनिवार-रविवारी होतात. त्यांत भाग घेणारा स्पर्धक एरवी नोकरदार, कारागीर, व्यापारी किंवा शेतकरी असतो. गाडी सामान्यतः त्याच्या स्वतःच्या मालकीची असते. तिची निगा व दुरुस्ती तो स्वतः किंवा मित्रांच्या साहाय्याने करतो आणि प्रवेशशुल्कही पदरचेच भरतो. विजेत्याला बक्षीस म्हणून बहुधा चषक मिळतो. रोख रक्कम क्वचितच मिळते. अनेक धंदेवाईक चालकांची व अभियंत्यांची जडणघडण या शर्यतींतून झाली असली, तरी बहुसंख्य स्पर्धकांचे ते उद्दिष्ट नसते. ब्रिटनमध्ये या खेळाची परंपरा विशेष समृद्ध असल्याने पुढील विवेचन मुख्यत्वे तेथील पद्धतीस अनुसरून केले आहे.

इतिहास : मोटारगाड्यांची पहिली महत्त्वाची स्पर्धा १८९४ साली फ्रान्समध्ये पॅरिस ते रूआं या मार्गावर झाली. फ्रान्समध्ये शर्यती सार्वजनिक रस्त्यांवर होत. ब्रिटनमध्ये मात्र तशी मुभा नव्हती, १९०३ च्या कायद्याने तेथे ताशी २० मैल (सु. ३२ किमी.) ही कमाल वेगमर्यादा ठरविली होती. त्यामुळे ब्रिटिश हौशी चालकांना खाजगी जागांचा आश्रय घ्यावा लागला. शेल्स्ली वॉल्श येथील १,००० यार्ड (सु. ९१४ मी.) लांबीच्या चढणीवर १९०५ पासून स्पर्धा होऊ लागल्या. १९०७ मध्ये वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स हा केवळ मोटारींसाठी बांधलेला शर्यतमार्ग सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या खेळात प्रामुख्याने धनिकांचाच वावर असे.

महायुद्धानंतर ही स्थिती पालटली. युद्धकाळात बांधलेले अनेक विमानतळ ओस पडले होते. त्यांचे काँक्रीटचे परिघमार्ग शर्यतींना आयतेच उपयोगी पडले. सिल्व्हरस्टोन व गुडवुड येथे १९४८ मध्ये, तर कॅसल कूम येथे १९५० मध्ये शर्यती सुरू झाल्या. ब्रँड्स हॅच येथील मोटारसायकलींचा गवताळ मार्गही १९५० साली डांबरी करण्यात आला. जागेचा प्रश्न अशा रीतीने सुटला. गाडीचा प्रश्न क्लबांनी सोडविला. ऑस्टिन सेव्हन (१९२२–३९) या ७४७ घ. सेंमी. इंजिनाच्या छोट्या गाडीच्या चाहत्यांनी १९३९ मध्ये ‘७५० मोटर क्लब’ स्थापन केला होता. जुन्या ऑस्टिन गाड्या स्वस्तात मिळत. त्यांचे सुटे भाग घेऊन घरच्या पडवीत शर्यतीची गाडी बांधता येईल, अशी नियमावली या क्लबाने युद्धोत्तर काळात तयार केली. कॉलिन चॅपमन (१९२८–८२) याने १९४८ साली आपली पहिली गाडी अशाच ऑस्टिनवरून बांधली; पुढे त्यानेच ‘लोटस’ ही कंपनी काढली.

१९६७ मध्ये फॉर्म्युला फोर्ड हा वर्ग सुरू झाला. त्यात फोर्ड कंपनीचे १,६०० घ. सेंमी.चे प्रचारातील इंजिन व आरंभी रस्त्यावरील साधे टायर वापरण्याचे बंधन होते. फोक्सवॅगन बीटलच्या भागांपासून बनविलेल्या फॉर्म्युला व्ही गाड्यांचा वर्ग अमेरिकेत १९६३ पासून अधिकृत झाला होता. तोही ब्रिटनमध्ये रुजला.

नियमांचे तत्त्व : क्लब-शर्यतींची नियमावली मुख्यतः खर्चाला आवर घालण्यासाठी असते. कोणत्याही शर्यतीत गाडीची पहिली सुधारणा स्वस्तात होते. पुढच्या प्रत्येक सुधारणेला अधिक पैसा लागतो आणि तिच्यापासून होणारा लाभ मात्र घटत जातो. असे असूनही प्रतिस्पर्ध्याने खर्च केला की इतरांनाही तो करावा लागतो. हे चक्र थांबविण्यासाठी एकाच बनावटीच्या गाड्यांचे वर्ग, मोहोरबंद इंजिने, ठराविक टायर, चालकासह किमान वजन इ. उपाय योजले जातात. तरीही नियमांतील फटी शोधणारे स्पर्धक असतातच. त्यामुळे स्वस्त म्हणून सुरू झालेला वर्ग काही वर्षांनी महाग होतो आणि त्याहून स्वस्त असा नवा वर्ग निर्माण करावा लागतो, असा अनुभव वारंवार आला आहे.

परवाना : स्पर्धकाला राष्ट्रीय नियंत्रक संस्थेचा परवाना घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये नवशिक्याला मान्यताप्राप्त चालनशाळेत निशाणांची व सुरक्षानियमांची लेखी, तसेच प्रत्यक्ष गाडी चालविण्याची परीक्षा द्यावी लागते. परीक्षेत वेगापेक्षा सातत्य व संयम यांस महत्त्व असते. नवशिक्याच्या गाडीमागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावण्याची प्रथा आहे. त्यामुळे मागून येणाऱ्यांना सावधगिरी बाळगता येते.

सप्ताहान्ताचा कार्यक्रम : स्पर्धक बहुधा आदल्या सायंकाळी गाडी ट्रेलरवर चढवून निघतो. सकाळी नावनोंदणी झाल्यावर वाहनाची तांत्रिक तपासणी होते. तीत ब्रेक, सुकाणू-यंत्रणा, आसनपट्टे, अग्निशामक, विद्युत्‌ प्रवाह तोडणारा बाह्य खटका, तसेच चालकाचे शिरस्त्राण व अग्निरोधक पोशाख पाहिला जातो. निष्कासनाचा आवाजही मोजतात. त्यानंतर पात्रता-फेऱ्या होतात. त्यांतील सर्वांत कमी वेळेच्या फेरीवरून प्रारंभस्थाने ठरतात. प्रत्यक्ष शर्यत सामान्यतः १५ ते २० मिनिटांची असते. ती संपल्यावर आघाडीच्या गाड्या बंदिस्त आवारात नेऊन त्यांचे वजन व इंजिन तपासतात. नियमभंग आढळल्यास निकाल रद्द होतो. दोन दिवसांच्या खटाटोपात शर्यतमार्गावर घालविलेला वेळ पुष्कळदा तासाभराहून अधिक नसतो. उरलेला वेळ दुरुस्ती, प्रतीक्षा व सुटे भाग मिळविण्यात जातो. पात्रता-फेरीत बिघडलेली गाडी दुपारच्या शर्यतीसाठी उभी करण्याकरिता प्रतिस्पर्धीच आपल्याजवळील भाग व हत्यारे देतात. ही परस्परसाहाय्याची वृत्ती क्लब-शर्यतींचे एक वैशिष्ट्य मानले जाते.

चालनकौशल्य : टायरची रस्त्यावरील पकड मर्यादित असते. ती वेग घेणे, ब्रेक लावणे व वळणे या तिन्ही क्रियांत वाटली जाते. म्हणून ऐन वळणात जोराने ब्रेक लावल्यास गाडी घसरते. वळणात टिकणारा कमाल वेग वळणाच्या त्रिज्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. त्रिज्या दुप्पट झाल्यास तो सु. ४१ टक्क्यांनी वाढतो. यासाठी चालक मार्गाच्या बाहेरील कडेकडून वळणात शिरून आतील कडेला स्पर्श करतो व पुन्हा बाहेर पडतो. याउलट, थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; त्यामुळे ब्रेक केव्हा लावावा याच्या अंदाजातील लहानशी चूकही महागात पडते. पुढे जाण्याची संधी बहुधा याच ब्रेकच्या टप्प्यात मिळते व टकरीही तेथेच अधिक होतात.

निशाणे व मार्शल : मार्गावरील प्रत्येक ठाण्यावर मार्शल उभे असतात. पिवळे निशाण धोका दर्शविते व त्या टप्प्यात पुढे जाण्यास मनाई असते. निळे मागून वेगवान गाडी येत असल्याचे, पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचे रस्ता निसरडा असल्याचे व तांबडे शर्यत थांबविल्याचे सुचविते. काळ्या निशाणावर नारिंगी वर्तुळ दाखविल्यास गाडीत बिघाड असल्याने ती बाहेर घ्यावी लागते. चौकटीच्या निशाणाने शर्यत संपते. हे मार्शल क्लब-शर्यतींत स्वयंसेवक असतात. पावसाथंडीत दिवसभर उभे राहून अपघातग्रस्त गाडीकडे प्रथम धाव घेण्याचे काम ते करतात. पुरेसे मार्शल उपलब्ध नसल्यास शर्यत सुरू करता येत नाही. या अर्थाने संपूर्ण खेळ त्यांच्यावर अवलंबून आहे.

सुरक्षितता : १९५५ मध्ये ल मां येथील अपघातात ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर प्रेक्षकांच्या व चालकांच्या संरक्षणाकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले. पोलादी नळ्यांचा सुरक्षा-पिंजरा, अनेक बिंदूंवर जखडणारे आसनपट्टे आणि धडकेच्या वेळी डोके पुढे फेकले जाऊ न देणारे मानेचे साधन ही क्लब-स्पर्धकासही आता परिचित झाली आहेत. तथापि धोका पूर्णतः टळलेला नाही. रस्त्यावरील वाहनाचा सर्वसाधारण विमा शर्यतीतील हानी भरून देत नाही. त्यामुळे एका टकरीने अनेकांचा हंगाम संपुष्टात येतो. या खेळास लागणारा पैसा व वेळ कुटुंबाच्याच वाट्यातून जात असल्याने, किती खर्च करावा व केव्हा थांबावे, हा प्रत्येक हौशी चालकापुढील खरा प्रश्न असतो.

गोंगाटाचा प्रश्न : पूर्वी एकाकी असलेल्या अनेक शर्यतमार्गांभोवती कालांतराने वस्ती वाढली. यॉर्कशरमधील क्रॉफ्ट या जुन्या विमानतळावरील मार्गाविषयी शेजाऱ्यांनी दावा लावला असता २००९ मध्ये अपील न्यायालयाने गोंगाट करणाऱ्या वापरावर वर्षाला ४० दिवसांची मर्यादा घातली. क्लबांना भाड्याने मिळणारे दिवस अशा निर्बंधांमुळे कमी होऊन शुल्क वाढते. रहिवाशांचा शांततेचा हक्क व खेळाचे अस्तित्व यांत मेळ घालणे हे संयोजकांपुढील एक कठीण काम आहे.

भारत : भारतातही या खेळाचा आरंभ महायुद्धकालीन धावपट्ट्यांवरच झाला. मद्रासजवळील (आताचे चेन्नई) शोलावरम्‌ हे त्याचे प्रमुख केंद्र होते. कलकत्त्याजवळ बराकपूर येथे व मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही शर्यती झाल्या. मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लब १९५३ मध्ये, तर अशा क्लबांचा राष्ट्रीय महासंघ १९७१ मध्ये स्थापन झाला. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे क्लबाचा स्वतःचा कायम मार्ग तयार झाला. कोईमतूरचे एस्‌. करिवर्धन (मृ. १९९५) यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर चालणारी फॉर्म्युला मारुती ही स्वस्त एकआसनी गाडी तयार केली. ऑस्टिन सेव्हनने ब्रिटनमध्ये जे कार्य केले, तेच या गाडीने भारतात केले. नारायण कार्तिकेयन याची सुरुवात याच वर्गातून झाली व २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय ठरला. करिवर्धन यांच्या स्मरणार्थ नाव दिलेला कोईमतूरचा मार्ग २००३ मध्ये खुला झाला. महाराष्ट्रात नासिक परिसरातील रॅलींमुळे हौशी चालकांना वाव मिळाला. मात्र मार्गावरील शर्यतींसाठी येथील स्पर्धकांना प्रायः तमिळनाडूची वाट धरावी लागते आणि गाडी वाहून नेण्याचा खर्च त्यांच्या हौसेची पहिली कसोटी ठरतो.