सिग्नलला गाडी बंद पडते?

मुलांना शाळेतून घेऊन निघाला आहात. सिग्नल लाल होतो, तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढता आणि गाडी दोन आचके देऊन गप्प! मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. अशा वेळी ‘गाडीचं काय ते हे बघतील’ म्हणून सोडून देऊ नका, बरं का! मुलाला डॉक्टरांकडे नेताना ताप कधी चढतो, खोकला कोरडा की ओला, हे आपणच सांगतो ना? गाडीचंही तसंच आहे.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिच्यातल्या जुन्या, कार्ब्युरेटर असलेल्या गाड्या काही घरांत अजून मायेनं सांभाळलेल्या आहेत. पाय काढल्यावर इंजिन चालतं ते ‘सिम’वर ठेवलेल्या गॅससारखं. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण थोडं चुकलं, तरी ज्योत विझते. वय झालेल्या गाडीत हे प्रमाण बिघडणारच.

गॅरेजला जाण्यापूर्वी एवढं पाहून ठेवा. गाडी मोकळ्या जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करा.

त्रास कधी होतो? फक्त सकाळी, इंजिन थंड असताना होत असेल, तर आधी चोक तपासायला सांगा.

चोक ओढून काय होतं? इंजिन तापल्यावर चोक किंचित ओढा. धडधड थांबून आवाज एकसारखा झाला, तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त जाते आहे. कार्ब्युरेटरचा बारीक जेट कचऱ्यानं बुजला असेल, नाहीतर व्हॅक्यूमची रबरी नळी चिरली असेल. नळी चिरली की बहुधा ‘स्स्स’ असा आवाज येतो.

धूर काळा आहे का? पेट्रोलचा वासही येत असेल, तर पेट्रोल जास्त जातं आहे. एअर फिल्टर धुळीनं भरला असेल किंवा चोक अडकला असेल.

ठराविक अंतरानं ठोका चुकतो? तीन सिलिंडरपैकी एक काम करत नाही. काढलेले प्लग मागून पाहा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी.

मेकॅनिकनं येताच स्क्रू पिळून रेस वाढवून दिली, तर समाधान मानू नका. तो ताप उतरवणं झालं, दुखणं तसंच राहतं आणि पेट्रोल मात्र जास्त जळतं. आधी फिल्टर, प्लग, नळ्या आणि शेवटी स्क्रू, हा क्रम धरा. ‘कार्ब्युरेटरच बदला’ म्हणाला, तर नळ्या पाहिल्या का, हे जरूर विचारा. नळी थोडक्या पैशांत येते!

आणि दोन गोष्टी विसरू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका; धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. बॉनेट उघडताना पदर खोचा, वेणी मागे बांधा. पंख्याच्या पट्ट्याला आपलं-परकं कळत नाही!