वाफेच्या नळांना गोधडी कशासाठी ?



कारखाना पाहायला आलेले सभासद बॉयलर हाऊसमध्ये आम्हाला हमखास विचारतात, "हे नळ एवढे गुंडाळून का ठेवलेत हो ?" त्याचे उत्तर आपल्या उसाच्या भावाशी निगडित आहे, म्हणून जरा खुलासा करतो.

६ इंची नळ ३०० अंश सेंटिग्रेडच्या वाफेने तापला आणि उघडा राहिला, तर मीटरमागे सुमारे ३ किलोवॅट उष्णता हवेत जाते. ढोबळ हिशेबाने दिवसाकाठी ५० किलोच्या आसपास बगॅस वाया ! तीन इंच जाडीचे चांगले लॅगिंग केले की हे नुकसान दशांशाच्याही खाली येते. शिवाय कामगाराचा हात भाजत नाही.

पूर्वी या कामाला ॲस्बेस्टॉस सर्रास वापरीत. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो. म्हणून जुने लॅगिंग कोणीही हाताने ओरबाडू नये. ते काम जाणकारांचेच.

आता पर्लाइटचे ताठ, न जळणारे अर्धगोल तुकडे मिळतात. पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीची काच. ग्रीस, तुर्कस्तान, अमेरिका येथे त्याच्या खाणी आहेत. या काचेत थोडे पाणी कोंडलेले असते. भट्टीत ९०० अंशांच्या आसपास काच मऊ होते, पाण्याची वाफ होते आणि ज्वारीच्या लाहीसारखा दाणा फुलतो. आतल्या बारीक पोकळ्यांतली हवा उष्णता अडवते.

पण नुसत्या लाह्या नळावर बसणार कशा ? राजगिऱ्याच्या लाडवाला गुळाचा पाक, तसा इथे सोडियम सिलिकेटचा पाक. त्यात पाणी घालून लाह्या हलक्या हाताने कालवतात, मजबुतीला थोडे काचतंतू घालतात आणि साच्यात दाबतात. पाक कमी पडला तर तुकडा भुरभुरतो. जास्त झाला तर जड होतो आणि उष्णता जास्त वाहून नेतो. जोरात दाबले तर लाह्याच चुरडतात. वाळवणेही सावकाश हवे. एकदम आच दिली की सिलिकेटमधले पाणी उकळून तुकडा फुगतो, तडकतो. हे काम करताना हातमोजे, चष्मा व धुळीसाठी मास्क हवाच, कारण सिलिकेट क्षारयुक्त असते.

असा तुकडा ६५० अंशांपर्यंत टिकतो. त्याचा वैरी एकच, पाणी. सिलिकेट पाण्याने पुन्हा विरघळू लागते आणि भिजलेले लॅगिंग उष्णता अडवीत नाही. म्हणून वरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि सांधे घट्ट बंद.

तेव्हा हंगाम संपल्यावर दुरुस्तीसाठी काढलेला प्रत्येक तुकडा गळितापूर्वी परत जागेवर बसला पाहिजे. नळावर पाय देऊन कोणी चढू नये. पत्रा निखळलेला दिसला तर आपणही हटकून सांगा. वाचलेले बगॅस विकता येते, आणि तो पैसा आपलाच आहे.