हर्णेचा समुद्र आणि जाहिरातीतलं बेट

सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईच्या गाड्या दापोलीवरून खाली हर्णे, मुरुड, कर्देकडे उतरू लागतात. गाडीतल्या बहुतेकांच्या डोक्यात समुद्राचं चित्र आधीच ठरलेलं असतं: पिठासारखी पांढरी वाळू, निळंशार नितळ पाणी, वाकलेला माड आणि त्याखाली आरामखुर्ची. हर्णे कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला, साधारण १७.८ अंशांवर आहे आणि समोरच सुवर्णदुर्गाचं बेट आहे. म्हणजे उष्ण कटिबंधातलं बेट म्हणाल तर ते इथं आहेच. पण जाहिरातीतलं चित्र असतं मालदीवचं, आणि त्याच्याशी ताडून पाहिलं की तक्रारी सुरू होतात.

"वाळू काळपट आहे, पाणी घाण आहे," ही त्यातली नेहमीची. मालदीवची किंवा लक्षद्वीपची वाळू पांढरी असते, कारण ती दगडाची नाहीच. तो प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, त्यातलं शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना बारीक वाळू होऊन त्याच्या पोटातून बाहेर पडतो. ज्या शुभ्र किनाऱ्यावर नवपरिणीत जोडपी फोटो काढतात, त्यातला बराचसा भाग माशांची विष्ठा असते. जाहिरातीत अर्थातच हे कुणी सांगत नाही. हर्णेच्या पाठीशी सह्याद्रीचा काळा बेसाल्ट आणि त्यावरचा जांभा आहे. तोच झिजून नदीनाल्यांतून खाली येतो. मूठभर वाळू तळहातावर सुकू द्या आणि नीट बघा, तपकिरी कणांमध्ये काळे चकचकीत कण दिसतील. लोहचुंबक फिरवलंत तर त्यातले काही चिकटतीलही. पाण्याचंही तसंच. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, किनारा उथळ असल्याने लाटा तो सतत ढवळत राहतात. प्रवाळाला वाढायला स्वच्छ उजेड लागतो, तो अशा पाण्यात पुरेसा मिळत नाही. म्हणजे गढूळ पाणी हा इथल्या समुद्राचा स्वभाव आहे. घाण आहे ती वेगळी: बंदराजवळचं डिझेल, मासळीचा कचरा आणि आपण आणलेल्या पिशव्या. ती पाण्याच्या रंगावरून कळत नाही.

वाळूबद्दलच्या गैरसमजाने फार तर मूड जातो. पाण्याबद्दलच्या दोन गैरसमजांनी मात्र जीव जातो.

"जिथं लाटा फुटत नाहीत तिथं पाणी शांत असतं, मुलांना तिथंच उतरवू." अनेकदा नेमकं उलटं असतं. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला एखादी खोलगट वाट शोधतं, आणि त्या वाटेवर लाटा कमी फुटतात. वरून पाणी निवांत दिसतं, खाली ओढ असते. ही ओढ माणसाला बुडवत नाही, आत नेते. तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे हात मारत राहिलेला माणूस दमतो आणि मग बुडतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग परतायचं. ज्याला पोहता येत नाही त्याने गुडघ्यापुढे जाऊच नये. तलावात उत्तम पोहणाऱ्यांना हे पटत नाही, आणि बुडणाऱ्यांत तेही असतात.

दुसरा गैरसमज भरती-ओहोटीचा. अनेकांना वाटतं, सकाळी भरती आणि संध्याकाळी ओहोटी, असं काही ठरलेलं असतं. दिवसात साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी, आणि ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना यासाठी मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. आता हा हिशेब अमावास्या-पौर्णिमेला लावून बघा. भरती दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होते, तीही उधाणाची. म्हणजे मासळीचं ताट संपवून मंडळी तीनच्या सुमारास पाण्यात उतरतात, तेव्हा समुद्र सर्वांत जोराने बाहेर जात असतो. त्याच दिवशी सूर्यास्ताला ओहोटी पूर्ण होते, कर्देपर्यंत लांबलचक घट्ट वाळू उघडी पडते आणि कुणाला तरी तिच्यावर गाडी पळवायची हुक्की येते. चाक एकदा रुतलं की पुढचे सहा तास पाणी चढतच असतं. गाडी काढायला मग ट्रॅक्टर शोधावा लागतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी. तेव्हाही ओढ नसतेच असं नाही.

सुवर्णदुर्गाबद्दल तर गैरसमजांची रांगच आहे. "बेटावर राहायला मिळेल ना?" नाही. ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे. बंदरातून होडीने जायचं, समुद्र बरा असला तरच. खाली पाण्यात पाय बुडवून उतरायची तयारी ठेवायची आणि पिण्याचं पाणी सोबत न्यायचं. दरवाज्याच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि तटातला मारुती बघायला विसरू नका. "शिवाजी महाराजांनी बांधला" असं सर्रास सांगितलं जातं. मूळ बांधकाम आदिलशाहीतलं मानतात, महाराजांनी तो घेऊन बळकट केला. "इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांना हरवून घेतला" हेही चूक. कान्होजी १७२९ मध्येच वारले. १७५५ मध्ये किल्ला तुळाजी आंग्र्यांकडे होता, आणि त्यांच्यावर चालून आले ते इंग्रजांचा कमोडोर जेम्स आणि पेशवे मिळून. किल्ला नंतर पेशव्यांकडेच गेला. जेम्सच्या विधवेने मात्र १७८४ मध्ये लंडनमध्ये शूटर्स हिलवर नवऱ्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी बुरूज उभारला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपलाच सुवर्णदुर्ग, इंग्रजी जिभेवर घोळलेला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ मराठा किल्ल्यांत हा एक आहे, तरी हर्णेला येऊन तो फक्त काठावरून पाहून परतणारेच अधिक.

कासवांचंही थोडक्यात. मार्चमध्ये आंजर्ले-वेळासला जाऊन कासवीण अंडी घालताना दिसेल, अशी आशा धरून येणारे हिरमुसतात. ती रात्री, न सांगता येते. दिसतात ती दीड-दोन महिन्यांनी अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं, तीही त्या दिवशी बाहेर आली तर.

राहिला मासळीचा लिलाव. हर्णेच्या बंदरावर संध्याकाळी तो बघायला गर्दी होते आणि पाहुण्यांना वाटतं, बोली लावून स्वस्तात एक सुरमई उचलू. बोली टोपल्यांवर लागते आणि घेणारे व्यापारी असतात. किरकोळ खरेदी बाजूला बसलेल्या मावश्यांकडे करायची, भाव आधी विचारायचा आणि कापून हवी का तेही तेव्हाच सांगायचं. आणि जूनमध्ये पावसाचा समुद्र बघायला आलात तर ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. ताटात आलेलं पापलेट बहुधा बर्फातलं असतं. खाडीतलं काय मिळालंय ते विचारा, नाहीतर सुकट मागा.