जनावराचे यकृत व त्यातील चपटा कृमी

यकृत ही जनावराच्या शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी होय. गाईम्हशींमध्ये ती उजव्या बाजूस, फासळ्यांच्या आड असते. आतड्यांतून शोषलेला अन्नरस रक्तावाटे प्रथम येथे येतो.

कोटीपोटात चारा आंबून जी आम्ले तयार होतात, त्यांपैकी एकापासून यकृत साखर बनविते. दुधातील साखरेचे मूळ हीच साखर होय. कोटीपोटातून रक्तात येणाऱ्या विषारी अमोनियाचे यकृत युरियात रूपांतर करते. पित्त तयार करणे व अ जीवनसत्त्व साठविणे हीही त्याचीच कामे. शिवाय अल्ब्युमिन नावाचे प्रथिन यकृतातच तयार होते. त्यामुळे रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत टिकून राहते.

या अवयवाचा एक शत्रू म्हणजे पानासारखा चपटा यकृतकृमी. त्याची अंडी पित्ताबरोबर आतड्यात उतरून शेणावाटे बाहेर पडतात. पाण्यात ती फुटतात व त्यांतील डिंभ गोड्या पाण्यातील गोगलगाईंच्या शरीरात शिरतात. तेथे त्यांची संख्या अनेक पटींनी वाढते. नंतर ते बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला व भाताच्या ताटांना कोषरूपाने चिकटतात. असा चारा खाल्ल्यावर कृमींची पिले आतडे भेदून यकृत पोखरीत पित्तनलिकांत जाऊन राहतात.

मग जनावर खंगते, दूध आटते, डोळ्यांची आतील त्वचा फिकी पडते. कृमी रक्त शोषतात आणि अल्ब्युमिन कमी पडते. त्यामुळे पाणी झिरपून जबड्याखाली सूज येते. ही सूज थंड व मऊ असते आणि दाबल्यास खळगा पडतो. घटसर्पाची सूज गरम व दुखरी असून तीव्र ताप असतो. तेथे एक प्रहरही दवडू नये. डागण्याने दोहोंपैकी कोणतीच सूज बरी होत नाही. पोटातील इतर कृमींमुळेही जबड्याखाली थंड सूज येते. म्हणून शेण तपासून घ्यावे.

औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच, जनावराच्या वजनानुसार द्यावे. काही औषधे केवळ पूर्ण वाढलेल्या कृमींवर चालतात, पिलांवर नाही. औषधानंतर किती दिवस दूध वापरू नये, हेही विचारून घ्यावे.

दलदलीत गुरे चारू नयेत. पिण्याचे पाणी हौदात द्यावे. पेंढा कडक उन्हात पुरता वाळवावा. शेण ओढ्याकाठी न टाकता खड्ड्यात कुजवावे. खताच्या उष्णतेने अंडी मरतात. बदके गोगलगाई खातात, हेही ध्यानात ठेवावे. एकट्याने औषध देऊन भागत नाही. कुरण सर्वांचे असल्याने उपायही सर्व गावाने मिळून करावा.