पट्ट्याआधी सीट

सीट बेल्ट लावला की सुरक्षिततेचे काम झाले, असे आपण धरून चालतो; पण पट्टा कितपत वाचवेल हे आधी सीट कशी लावली आहे त्यावर ठरते. व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांच्या तीन बिंदूंच्या पट्ट्याला 1959 पासून गाड्यांत जागा मिळाली. तो धडकेचा जोर छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडांवर, म्हणजे शरीराच्या भक्कम भागांवर, वाटून देतो. सीटची पाठ फार मागे कललेली असेल, तर खांद्याचा पट्टा छातीपासून सुटा राहतो, कमरेचा पोटावर चढतो, शरीर त्याखालून घसरते आणि मार आतड्यांना बसतो. म्हणून ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्यावी, पाठ सरळ करावी, छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान 25 सेंटिमीटर अंतर ठेवावे, मग आरसे लावावेत. घरात दोघे-तिघे गाडी चालवत असतील तर हे दर वेळी करायला हवे. प्रत्येकाची जागा लक्षात ठेवणारी मेमरी सीट असेल तर बटण पुरते.

एअरबॅग असताना पट्टा कशाला, हा आक्षेप नेहमीचा. पण पट्ट्याविना पुढे फेकला गेलेला माणूस फुगत्या एअरबॅगवर आदळला, तर तीच इजा करते. शहरातल्या कमी वेगाची सबबही टिकत नाही: ताशी 50 किलोमीटरने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे 10 मीटर उंचीवरून पडणे. मागच्या सीटवर तर पट्टा असतो हेच अनेकांच्या गावी नसते. तिथला सुटा माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळतो, आणि पुढच्याने लावलेला पट्टा हा दुहेरी भार पेलण्यासाठी बनवलेला नसतो.